जुनी ॲल्युमिनियमची मोटरबोट घरच्या घरी कशी दुरुस्त करावी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मे महिना उजाडला की गावोगावच्या अंगणांत जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटी विक्रीस उभ्या राहतात. चौदा फूट लांबीच्या, रिव्हेटांच्या (पत्रे जोडण्यासाठी ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांच्या) रांगांनी सांधलेल्या, तीन आडव्या बाकांच्या आणि मागे एक इंजिन अडकवण्याची सोय असलेल्या या बोटींपैकी कित्येकींनी साठी गाठलेली असते. दुसरे महायुद्ध संपल्यावर विमानांच्या पत्र्याला आणि तो रिव्हेटांनी जोडण्याच्या कसबाला नवे काम हवे होते. विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने १९४५ मध्ये ॲल्युमिनियमच्या वल्हवायच्या होड्या करायला घेतल्या. मिनेसोटात १९४६ मध्ये ॲल्युमाक्राफ्टची सुरुवात झाली आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावात लुंडच्या बोटी आकार घेऊ लागल्या. मी अशीच १९६० च्या दशकातील एक चौदा फुटी बोट विकत घेतली आणि दोन उन्हाळे खर्चून घराच्या गॅरेजमध्ये पुन्हा पाण्यावर जाण्याजोगी केली. पुढील माहिती त्या कामाच्या अनुभवातून लिहिली आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. या बोटींमध्ये दोष सहसा धातूचा नसतो. धातूला चिकटून जे काही वर्षानुवर्षे राहिले, त्याचा असतो. ॲल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याचे कवच असतो. ओले लाकूड, पाणी प्यायलेला फोम, तांबे, पितळ किंवा साधे लोखंड त्याला टेकून राहिले की ते कवच तुटते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत आणि त्यांत चिंचेचे सार किंवा ताक ठेवू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नसे. बोटीची दुरुस्तीही त्याच जाणिवेने करायची आहे: या धातूजवळ काय येऊ द्यायचे आणि काय नाही, हे ठरवणे म्हणजेच निम्मे काम.

घेण्यापूर्वीची पाहणी

बोट ट्रेलरवर असतानाच तिच्या मागे उभे राहावे, इंजिन जिथे अडकवतात ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, दोन्ही हातांनी धरावी आणि जोर लावून पुढेमागे हलवून पाहावी. ती कचकच करत वाकली, तर आतले लाकूड कुजले आहे असे समजावे. हा दोष बहुतेक जुन्या बोटींत सापडतो, त्यामुळे तेवढ्यासाठी बोट नाकारू नये. मात्र किमतीत त्याचा विचार व्हावा. त्यानंतर जमिनीवर आडवे होऊन तळाचा कणा पुढून मागे एका रेषेत आहे का ते पाहावे. तळाचा पत्रा आडवा चिरला असेल, आतल्या ओळीने तीन-चार फासळ्या मोडल्या असतील किंवा कणा मध्येच वर उचलला गेला असेल, तर ती बोट सोडून द्यावी. लहान पोचे, पोपडे सुटलेला रंग आणि गळणारे काही रिव्हेट यांना घाबरण्याचे कारण नाही.

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीवर बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरणे बंधनकारक झाले. त्याआधीच्या बोटींवर असा क्रमांक नसतो, केवळ कंपनीची पट्टी आणि अनुक्रमांक असतो. म्हणून जुन्या बोटीच्या बाबतीत विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी आणि बोटीवरचा अनुक्रमांक जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे. कंपनीची पट्टी शाबूत असेल, तर पुढे रंगकामाच्या वेळीही तिला धक्का लावू नये.

पाणी बाहेरून नव्हे, आतून

घरी आणल्यावर लगेच रंग खरवडायला बसण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिले काम गळती शोधण्याचे आहे आणि त्यासाठी बोट पाण्यात नेण्याऐवजी पाणी बोटीत भरावे. बोट ट्रेलरवर सर्व बाजूंनी नीट टेकलेली असावी, ट्रान्समच्या तळाशी असलेले बूच घट्ट बसवावे आणि बागेच्या नळीने आत सुमारे दोन इंच पाणी सोडावे. चौदा फुटी बोटीत एवढ्याने साधारण सव्वादोनशे किलो वजन चढते, त्यामुळे याहून जास्त पाणी भरताना ट्रेलरची क्षमता आधी पाहावी. पत्रा बाहेरून कोरडा पुसून घ्यावा आणि खाली टॉर्च घेऊन शिरावे. जिथून थेंब येतो तिथे मेणाच्या खडूने गोल करावा. जिथे नुसता ओलावा पाझरतो तिथे रेघ ओढावी. दोन्हींतला फरक पुढे उपयोगी पडतो, कारण थेंबाला रिव्हेट पुन्हा ठोकावा लागतो आणि पाझराला बहुधा सांध्यातला सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, पुरतो. माझ्या बोटीत पहिल्या दिवशी सत्तावीस गोल झाले होते आणि त्यांतले एकोणीस एकाच ओळीत, कण्याच्या डाव्या बाजूला होते. घरी असाच एक नकाशा कागदावर काढून भिंतीला लावावा.

आतले सामान काढणे

नंतर बोट रिकामी करावी. बाकांखाली किंवा बोटीच्या आतल्या जमिनीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पांढरा, कोरडा आणि हलका असेल तर बाजूला ठेवावा. उचलताना जड लागला तर त्याने पाणी धरले आहे आणि तो टाकून द्यावा. जमिनीवर कोणी नंतर प्लायवूड बसवून वर गालिचा चिकटवला असेल, तर तो निघाल्यावर खरी स्थिती दिसते. माझ्या बोटीत गालिच्याखालच्या कुजलेल्या पानांच्या थरात एक सेंटचे तांब्याचे नाणे रुतलेले होते. १९८२ पूर्वीची ही नाणी जवळजवळ संपूर्ण तांब्याची असत. ते नखाने उचलल्यावर खाली पांढऱ्या, खरखरीत पुडीचे वर्तुळ दिसले आणि ती पुडी नायलॉनच्या ब्रशने झाडल्यावर त्या वर्तुळाच्या मध्यभागी पत्र्यात इतका खोल खळगा निघाला, की त्यात मूगडाळीचा दाणा बसावा. एवढ्याशा नाण्याने आणि ओल्या पानांनी मिळून ते काम केले होते. म्हणून तळातील प्रत्येक कोपरा, प्रत्येक फासळीची खाच बोटाने चाचपून साफ करावी. शिशाची वजने, गंजलेले गळ, स्क्रू, तारेचे तुकडे काहीही आत राहू देऊ नये.

साफ करताना लोखंडी तारेचा ब्रश किंवा लोखंडी काथ्या कधीही वापरू नये. त्याचे कण मऊ पत्र्यात रुतून बसतात आणि नंतर तिथेच गंजू लागतात. नायलॉनचा ब्रश, प्लास्टिकची खरवडणी आणि गरज पडल्यास स्टेनलेस स्टीलचा ब्रश पुरेसा असतो. पांढऱ्या पुडीसाठी फॉस्फोरिक आम्ल असलेला ॲल्युमिनियम क्लीनर हातमोजे घालून लावावा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. कॉस्टिक सोडा असलेले कोणतेही द्रावण या कामात वर्ज्य आहे, कारण ते ॲल्युमिनियमलाच विरघळवते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

ट्रान्सम

सगळ्या दुरुस्तीत सर्वांत महत्त्वाचा भाग हाच असल्यामुळे तो घाईत उरकू नये. इंजिनाचे वजन आणि त्याचा सारा रेटा या लाकडावर येतो. जुने लाकूड बाहेर काढण्यासाठी वरची पट्टी, कोपऱ्यांच्या टोप्या आणि आतले आधार सोडवावे लागतात. हे भाग रिव्हेटांनी बसवलेले असतील, तर रिव्हेटाच्या डोक्यावर मधोमध पंचाने खूण करून फक्त डोक्याच्या जाडीइतके खोल छिद्र पाडावे, डोके छिन्नीने उडवावे आणि उरलेली दांडी पंचाने आत ढकलावी. पूर्ण आरपार ड्रिल केल्यास छिद्र वाकडे आणि मोठे होते, आणि मग पुढे त्यात रिव्हेट धरत नाही. माझ्या बोटीचे लाकूड फळी म्हणून बाहेर आलेच नाही. ते चहाच्या चोथ्यासारखे ओंजळीने काढावे लागले. अशा वेळी नमुना मिळत नाही, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून तो धातूच्या आत बसतो तोवर कडा कमी करत जावे.

नवे लाकूड पाऊण इंच जाडीच्या दोन प्लायवूडच्या तुकड्यांचे करावे, म्हणजे बहुतेक बोटींना लागणारी दीड इंच जाडी मिळते. मरीन प्लाय उत्तम. तो परवडत नसल्यास बाहेरच्या वापराचा, जलरोधक डिंकाने जोडलेला आणि आत पोकळ्या नसलेला प्लायही चालतो. मात्र दबावाखाली रसायन भरलेले हिरवट लाकूड दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. कुजू नये म्हणून त्यात तांब्याची संयुगे भरलेली असतात आणि ओल लागली की तीच ॲल्युमिनियमला खातात. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून आर्सेनिक असलेले जुने प्रकार मागे घेतले गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या प्रकारांत तांब्याचे प्रमाण अधिकच वाढले, त्यामुळे आज ही काळजी पूर्वीपेक्षा जास्त घ्यावी लागते. कुजण्याची भीती एपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने, घालवावी, तांब्याने नाही.

दोन्ही तुकडे एपॉक्सीने चिकटवून कडेने क्लॅम्प लावून रात्रभर ठेवावेत. त्यानंतर, वरचा लेप देण्यापूर्वीच, सर्व छिद्रे पाडून घ्यावीत: इंजिनाच्या बोल्टांची, पाणी सोडण्याच्या बुचाची, आधारांची. प्रत्येक छिद्र लागते त्यापेक्षा मोठे पाडावे, ते घट्ट कालवलेल्या एपॉक्सीने पूर्ण भरावे आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध योग्य मापाचे छिद्र करावे. असे केले म्हणजे बोल्टाच्या कडेने आलेले पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. मग सगळ्या बाजूंना एपॉक्सीचे तीन हात द्यावेत. प्लायच्या कापलेल्या कडा एपॉक्सी अक्षरशः पितात, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त द्यावी. पहिला हात मुरला की लगेच दुसरा. जुन्या बोटींत बुचाच्या जागी पितळी नळी असते. ती काढून प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची घालावी. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच असावेत, पण स्टेनलेसलाही ॲल्युमिनियमपासून दूर ठेवावे लागते. म्हणून प्रत्येक बोल्टाच्या दांडीला टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखा लेप लावावा आणि वॉशरखाली पॉलियुरेथेन सीलंट घालावा.

रिव्हेट

खडूने केलेल्या गोलांकडे आता वळावे. गळणाऱ्या रिव्हेटांपैकी बहुतेक केवळ ढिले झालेले असतात आणि ते पुन्हा ठोकून घट्ट होतात. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटाच्या गोल डोक्यावर त्याच्याच आकाराची खोलगट ठोकणी धरावी आणि हातोडीने किंवा हवेवर चालणाऱ्या रिव्हेट गनने ठोके द्यावेत. दुसऱ्याने आतून दांडीवर एक जड, गुळगुळीत लोखंडी ठोकळा ऐरणीसारखा दाबून धरावा. ठोका देणाऱ्यापेक्षा ठोकळा धरणाऱ्याचे काम अवघड असते, कारण ठोकळा तिरपा झाला की दांडी एका बाजूला मुडपते. माझ्या मुलीने हे काम केले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला न पाहता नुसत्या आवाजावरून कळू लागले. ढिला रिव्हेट ठोक्यागणिक भांड्यासारखा किणकिणतो. घट्ट बसला की तो किणकिणाट थांबतो आणि सगळा पत्रा मिळून एकच भरीव ‘ठक्’ ऐकू येते. तो आवाज आल्यावर आणखी ठोकू नये, अन्यथा भोवतालचा पत्रा पातळ होऊन ताणला जातो.

जो रिव्हेट तुटला आहे किंवा ज्याचे छिद्र लांबट झाले आहे तो बदलावा. या बोटींत बहुधा ३/१६ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर व्यासाचे भरीव रिव्हेट असतात. लांबी ठरवण्याचा नियम असा, की जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. दोन पत्रे मिळून तीन मिलिमीटर असतील, तर साधारण दहा मिलिमीटरचा रिव्हेट लागतो. ठोकून तयार झालेले आतले डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे. छिद्र लांबट झाले असल्यास एक माप मोठा रिव्हेट घ्यावा. एका वेळी एकच रिव्हेट काढावा आणि लगेच नवा बसवावा. संपूर्ण ओळ एकदम सोडवली, तर पत्रे किंचित सरकतात आणि छिद्रे पुन्हा जुळत नाहीत.

जिथे आतून हात पोहोचतच नाही, तिथे पॉप रिव्हेट वापरावा लागतो, परंतु तो बंद तोंडाचा असावा. नेहमीच्या पॉप रिव्हेटाच्या पोटातून आरपार भोक असते आणि त्यातून पाणी येते. कोणताही रिव्हेट घालताना त्याच्या डोक्याखाली पॉलियुरेथेन सीलंटचा थेंब द्यावा. सिलिकॉन वापरू नये: त्यावर नंतर रंग धरत नाही, आणि ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्या सिलिकॉनमधले आम्ल पत्र्याला बाधते.

पाझरणाऱ्या सांध्यांवर आतल्या बाजूने ग्लूव्हिटसारखी लवचीक, पातळ एपॉक्सी ओतावी. पत्रा पूर्ण कोरडा असावा आणि हेअर ड्रायरने किंचित कोमट केलेला असावा, म्हणजे ती पातळ होऊन सांध्यात खोलवर शिरते. चीर असल्यास तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची छिद्रे पाडून ती पुढे जाणे थांबवावे आणि वर ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचे ठिगळ सीलंटसह रिव्हेटांनी बसवावे. वेल्डिंगचा सल्ला अनेक जण देतात. जुन्या बोटींमधील उष्णतेने कडक केलेला पत्रा वेल्डिंगच्या कडेने मऊ पडतो आणि शेजारचे रिव्हेट सैल होतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही आणि इतरांनीही जाऊ नये असे मला वाटते. हे सर्व झाल्यावर पाण्याची चाचणी पुन्हा करावी. नकाशावरचे सर्व गोल कोरडे राहिल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

रंग

१९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर बंदी आली; त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते. त्याखाली पिवळट-हिरवा प्राइमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, दिसला, तर तो झिंक क्रोमेट असण्याची शक्यता आहे आणि त्यातील क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाण्याने ओला ठेवून पॉलिश पेपरने घासावा, पी-१०० फिल्टरचा मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि निघालेला गाळ काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यावा. लहान मुलांना त्या दिवशी गॅरेजमध्ये येऊ देऊ नये. जो रंग घट्ट धरून आहे तो उगाच पत्र्यापर्यंत खरवडण्याची गरज नाही. कडा मऊ करून त्यावर नवा रंग देता येतो.

उघडा पडलेला पत्रा स्वच्छ केल्याबरोबर त्यावर ऑक्साइड पुन्हा धरू लागतो, त्यामुळे घासणे, पुसणे आणि सेल्फ-एचिंग (पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणाऱ्या) प्राइमरचा पहिला हात हे एकाच दिवसात उरकावे. प्राइमर आणि वरचा रंग एकाच कंपनीच्या एकाच पद्धतीतले घ्यावेत, कारण प्रत्येक एचिंग प्राइमरवर प्रत्येक एपॉक्सी चालत नाही. जाड हातांपेक्षा पातळ तीन हात टिकतात. तळाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणाऱ्या अनेक रंगांत तांबे असते. असा रंग या बोटीला कदापि लावू नये. वापरानंतर ट्रेलरवर घरी येणाऱ्या बोटीला त्याची गरजही नसते. आतून चकचकीत रंग देऊ नये, दुपारच्या उन्हात त्याचा डोळ्यांना त्रास होतो.

उरलेली कामे

काढून टाकलेल्या फोमच्या जागी नवा बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम भरलाच पाहिजे. तो नसलेली बोट उलटली तर तळाला जाते. दर घनफूट फोम साधारण २७ किलो भार तरंगत ठेवतो. पॉलिस्टायरीनचे तुकडे घालणार असाल, तर पेट्रोल सांडल्यास ते विरघळतात हे ध्यानात ठेवावे. फोम आणि तळ यांच्यामध्ये पाणी वाहून बुचापर्यंत जाईल अशी फट राखावी. जमिनीवर गालिचा घालू नये.

विजेच्या तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या असाव्यात, फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत असावा आणि परतीचा प्रवाह बोटीच्या पत्र्यातून कधीही नेऊ नये, कारण तसे केल्यास पत्रा झपाट्याने झिजतो.

इंजिनाची दुरुस्ती हा स्वतंत्र विषय आहे. जुने टू-स्ट्रोक इंजिन असेल, तर निदान पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चक्र) आणि गिअरचे तेल बदलल्याशिवाय ते चालू करू नये, आणि पेट्रोल-तेलाचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. १९५० च्या दशकातील बऱ्याच इंजिनांना २४:१ लागते, नंतरच्यांना ५०:१. क्षमतेची पट्टी नसलेल्या बोटीत किती माणसे बसवावीत, याचा ढोबळ हिशेब फुटांतील लांबी गुणिले रुंदी भागिले १५ असा आहे. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद बोटीला तो चार माणसे देतो.

पहिल्यांदा पाण्यात नेताना वारा नसलेली सकाळ निवडावी, लाइफ जॅकेट, वल्ही आणि पाणी उपसण्याचे भांडे बरोबर घ्यावे आणि पहिला अर्धा तास किनाऱ्यालगत बोट नुसती बांधून ठेवावी. या वेळात तळाशी हात फिरवून कुठे ओल येते ते पाहावे. त्यानंतर इंजिन सुरू करून हळू वेगात एक फेरी मारावी आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांवर लक्ष ठेवावे. परत आल्यावर ट्रेलर उतारावर वर घ्यावा, बूच काढावे आणि खाली भांडे धरावे. एका तलावातले जीव दुसऱ्या तलावात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटाच्या कायद्यानुसार रस्त्यावर येण्यापूर्वी हे बूच काढावेच लागते. माझ्या भांड्यात त्या सकाळी सुमारे अर्धा पेला पाणी जमले. ते उजव्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या रिव्हेटाचे होते आणि मी तिथे नवा गोल केला.